शॉप, स्टोअर, मार्ट, मॉल: दुकानाच्या पाटीवरचा शब्द नेमकं काय सांगतो?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि 'वॉक-इन स्टोअर'मध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. ही बातमी लोकांपर्यंत पोहोचली ती 'आता किराणा दुकानात वाईन मिळणार' अशी. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती आणि सूचना मागवल्या आणि निर्णय अंमलात आलाच नाही.

वाईन विकावी की विकू नये हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मला खटकलं ते हे, की त्या वादात निम्मी माणसं एका दुकानाबद्दल बोलत होती आणि निम्मी दुसऱ्याच. निर्णयात अट होती किमान १०० चौरस मीटर जागेची, म्हणजे साधारण १,०७६ चौरस फूट. वाईन ठेवायला २.२५ घनमीटरचं, कुलूप लावता येईल असं वेगळं कपाट हवं होतं. आपल्या गल्लीतला वाणी दीड-दोनशे फुटांच्या गाळ्यात बसतो. त्याचा या निर्णयाशी संबंधच नव्हता. पण 'सुपरमार्केट' म्हणजे काय आणि 'वॉक-इन स्टोअर' म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगितलं नाही. मग प्रत्येकाने आपल्या डोळ्यासमोरचं दुकान त्या शब्दांत बसवलं.

त्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या देवनागरीत आल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांवरचे शब्द तेच राहिले: जनरल स्टोअर्स, सुपर शॉपी, मार्ट, डिपार्टमेंटल, आउटलेट. अक्षरं आता सगळ्यांना वाचता येतात, तर अर्थही कळायला हवा. निदान आपला पैसा तिथे खर्च होतो म्हणून तरी.

ही लहान-मोठ्याची उतरंड आहे का?

सर्वसाधारण समज असा, की सगळ्यात लहान ते शॉप, त्याहून मोठं स्टोअर, त्याहून मोठं सुपरमार्केट आणि सगळ्यात मोठा मॉल. हा समज चुकीचा आहे आणि पुढचा बराच गोंधळ त्यातूनच होतो.

यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. शॉप आणि स्टोअर हे शब्द माल कुठून येतो याबद्दल आहेत, म्हणजे इथेच बनतो की आणून साठवलेला असतो. सुपरमार्केट सांगतं की फळीवरून माल उचलतो कोण. डिपार्टमेंट स्टोअर सांगतं की आतली मांडणी आणि कारभार कसा विभागलाय. कन्व्हिनियन्स स्टोअर वेळेबद्दल बोलतं, आउटलेट मालाच्या उगमाबद्दल आणि मॉल जागेच्या मालकीबद्दल. म्हणून एकाच मॉलमध्ये एक सुपरमार्केट, एक डिपार्टमेंट स्टोअर आणि चार आउटलेट असू शकतात, आणि त्यात काही विसंगत नाही.

शॉप: जिथे हात चालतात

शॉप हा जुन्या इंग्रजीतला शब्द. मूळ अर्थ छपरी, टपरी, भिंतीला टेकून उभारलेला आडोसा. तिथे कारागीर बसायचा. जोडे शिवणारा, पाव भाजणारा, लोखंड ठोकणारा. तिथेच वस्तू बनवायची आणि पुढच्या फळीवर मांडून विकायची. बनवणं आणि विकणं एका छपराखाली होतं.

यातला 'बनवण्या'चा अर्थ इंग्रजीतून कधीच गेला नाही. वर्कशॉप त्यातूनच आलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातला माणूस 'शॉप फ्लोअरवर आहे' म्हणतो तेव्हा तो यंत्रांजवळ उभा असतो, गिऱ्हाइकांजवळ नाही. परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना मशीन शॉप, पेंट शॉप हे शब्द पाठ आहेत. तिथे कोणी काही विकत नाही. अमेरिकेत कोणी 'माझी गाडी शॉपमध्ये आहे' म्हणालं, तर ती गॅरेजमध्ये दुरुस्तीला दिलेली असते. शोरूममध्ये विकायला ठेवली आहे असा अर्थ तिथे कोणी लावत नाही.

स्टोअर: जिथे साठा आहे

स्टोअर आला जुन्या फ्रेंचमधून. अर्थ साठा, शिधा, बेगमी. इंग्लंडात शतकानुशतकं स्टोअर म्हणजे माल साठवण्याची जागा. विकण्याची नव्हे.

हा अर्थ आपण इंग्रजांकडून घेतला आणि अजून जपून ठेवलाय. एसटीच्या डेपोत, कारखान्यात, सरकारी रुग्णालयात 'स्टोअर' असतं आणि तिथे 'स्टोअरकीपर' असतो. मेकॅनिक इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, घेऊन खिडकीशी जातो, स्टोअरकीपर रजिस्टरमध्ये नोंद करतो, सही घेतो आणि मग बेअरिंग बाहेर येतं. या माणसाला दुकानदार म्हणायचं आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेत मात्र 'स्टोअरकीपर' म्हणजे सरळ दुकानदार. नोकरीच्या अर्जात 'बारा वर्षं स्टोअरकीपर' असं लिहून तिकडे पाठवलेला अनुभव तिथे वेगळाच वाचला जाऊ शकतो.

अमेरिकेत हा अर्थ बदलला त्याला कारण आहे. वसाहतींच्या काळात पुष्कळसा माल तिथे बनतच नव्हता, तो जहाजाने यायचा. कापड, खिळे, चहा, भांडी. व्यापारी तो उतरवून घ्यायचा, कोठारात भरायचा आणि तिथूनच विकायचा. आपल्याकडे लाकडाच्या वखारीत हेच चालतं. तिथे माल साठतोही आणि विकलाही जातो. अमेरिकेत वखार हेच दुकान झालं आणि स्टोअर हा शब्द विक्रीच्या जागेला चिकटला.

म्हणजे अमेरिकेत स्टोअर आणि इंग्लंडात शॉप, एवढंच ना?

पुष्कळ ठिकाणी एवढंच सांगून सोडून देतात. ते अर्धंच खरं आहे.

अमेरिकन माणूस दोन्ही शब्द वापरतो आणि त्यांत फरक करतो. तयार माल आणून विकला जातो ते स्टोअर: बुकस्टोअर, शू स्टोअर, हार्डवेअर स्टोअर, ग्रोसरी स्टोअर. जिथे कोणाचे तरी हात चालतात, काही बनतं, दुरुस्त होतं किंवा सेवा मिळते ते शॉप: बार्बर शॉप, कॉफी शॉप, रिपेअर शॉप. छोट्या, एकाच तऱ्हेच्या वस्तू विकणाऱ्या जागेलाही ते शॉप म्हणतात, उदाहरणार्थ संग्रहालयातलं गिफ्ट शॉप. खरेदीला जाण्याची क्रिया मात्र तिथेही 'शॉपिंग'च.

इंग्लंडात शॉप हा सर्वसाधारण शब्द राहिला. पुस्तकांचं दुकान बुकशॉप, कोपऱ्यावरचं कॉर्नर शॉप, देणगीतल्या जुन्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करणारं ते चॅरिटी शॉप. अमेरिकेत असल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाला थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात. ब्रिटिश माणूस स्टोअर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा मोठी जागा असते.

पण साठ्याच्या जागेला दुकान म्हणायला इंग्लंडातही एका चळवळीने सुरुवात केली होती आणि ती आपल्याला जवळची आहे. १८४४ साली रॉचडेल गावातल्या विणकरांनी आणि कामगारांनी वर्गणी काढून एक सहकारी दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भेसळ नको आणि उधारीचा फास नको म्हणून सगळ्यांनी मिळून साठा करायचा आणि त्यातून ज्याने त्याने रोखीने विकत घ्यायचं. या जागेला त्यांनी 'स्टोअर' म्हटलं, कारण तो सभासदांचा सामायिक साठा होता. पुढे तिथल्या सहकारी दुकानांना 'स्टोअर्स' म्हणण्याची पद्धत पडली. १८७१ मध्ये लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी स्वस्त मालासाठी अशीच संस्था काढली, तिचं दुकान 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स' म्हणून प्रसिद्ध झालं. तिची मुंबई शाखा १८९१ मध्ये निघाली. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणून ओळखली जाते.

आपल्या पाट्यांवर 'स्टोअर' एकवचनी क्वचितच दिसतं. एका गाळ्याचं दुकान असलं तरी पाटी 'जनरल स्टोअर्स', 'मेडिकल स्टोअर्स' अशीच. हे अनेकवचन त्या ब्रिटिश वळणाचं आहे. आणि आपल्या सहकारी चळवळीने दुकानांना 'ग्राहक भांडार' हे नाव दिलं, तेही रॉचडेलच्या विणकरांच्या मनातलंच. सामायिक कोठार. मुंबईत नायगावला १९४८ साली ज्या कामगारांनी 'अपना बाजार' उभा केला, त्यांची धडपडही तीच होती.

जनरल, कटलरी, शॉपी: आपण घातलेली भर

शब्द उसना घेतला की तो आपल्या घरी आपल्यासारखा वागू लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेतलं जनरल स्टोअर म्हणजे खेड्यातलं एकमेव दुकान, पिठापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं ठेवणारं. आपल्याकडे 'किराणा व जनरल' अशी जोडी असते आणि त्यातलं 'जनरल' म्हणजे किराण्यात न मोडणारं: साबण, खोबरेल, वह्या, सेल, सुई-दोरा, शाळेचे रंग. 'कटलरी' तर आणखी पुढे गेलं. इंग्रजीत कटलरी म्हणजे सुऱ्या, काटे, चमचे. आपल्या बाजारपेठेत कटलरीच्या दुकानात बांगड्या, टिकल्या, रिबिनी, कंगवे आणि खोटे दागिने मिळतात, आणि चमचा मागायला तिथे कोणी जात नाही.

'शॉपी' ही खास इकडची लाडकी पाटी. मोबाईल शॉपी, केक शॉपी, सुपर शॉपी. दुकान जुन्या घराण्याचं वाटावं म्हणून शॉप या शब्दाच्या शेवटी जादा अक्षरं लावून (shoppe) लिहायची एक तऱ्हा इंग्रजीत आहे, पण उच्चार तरीही शॉप असाच करतात. आपण ती शेवटची अक्षरंही उच्चारतो. महाराष्ट्रात 'शॉपी' म्हटल्यावर प्रत्येकाला छोटं, एका मालाचं, काचेच्या दरवाजाचं दुकान दिसतं. म्हणजे शब्द आपलं काम चोख करतो.

सुपरमार्केट: माल उचलतो कोण?

आता वाईनच्या निर्णयातला कळीचा शब्द. सुपरमार्केटचं मर्म आकारात नाही, ते 'सेल्फ-सर्व्हिस'मध्ये आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः आत फिरायचं, स्वतः माल उचलायचा आणि शेवटी एकदाच पैसे द्यायचे.

सव्वाशे वर्षांपूर्वी हे जवळपास कुठेच नव्हतं. अमेरिकेतही गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहायचं, यादी वाचायचं आणि नोकर मागच्या फळ्यांवरून एकेक जिन्नस काढून, वजन करून, बांधून द्यायचा. आपल्या वाण्याकडे आजही हेच चालतं. सप्टेंबर १९१६ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं आणि काउंटरच काढून टाकला. दारात फिरतं फाटक, हातात टोपली, आत जायचा एकच मार्ग. तो असा वळवलेला की सगळ्या फळ्यांवरून नजर फिरल्याशिवाय गल्ल्यापाशी पोहोचताच येणार नाही. या रचनेचं पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळालं. पेटंट कसलं, तर 'स्वतःहून वाढून घेण्याच्या स्टोअर'चं!

१९३० मध्ये मायकल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजमध्ये 'किंग कलन' सुरू केलं: प्रचंड माल, कमी नफा, बाहेर गाड्या लावायला जागा. सुपरमार्केटची सुरुवात साधारण तिथून धरतात. १९३७ मध्ये ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली, कारण टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो हे त्यांनी हेरलं होतं.

हा बदल गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फार मोठा आहे. वाण्याकडे तुम्ही यादी घेऊन जाता आणि यादीतलं घेऊन येता. वाणी मधे उभा असतो. तो 'हा तांदूळ नको, जुना देतो' म्हणतो आणि लहान पोराने तंबाखू मागितली तर हाकलूनही देतो. सुपरमार्केटात मधे कोणीच नाही. फळीच तुमच्याशी बोलते आणि ती काय बोलणार हे कंपनी ठरवते. वाईनच्या निर्णयातल्या कुलूपबंद कपाटाच्या अटीला अर्थ होता तो यामुळे. 'वॉक-इन' म्हणजे गिऱ्हाईक स्वतः आत शिरणार, स्वतः उचलणार, मग निदान हा माल तरी कपाटात असू दे. किराणा दुकानात जो पहारा वाणी देतो, तो इथे कुलुपाने द्यायचा होता. निर्णयाला विरोध करणाऱ्यांना आणि पाठिंबा देणाऱ्यांना, दोघांनाही हे आधी सांगायला हवं होतं.

मग हायपरमार्केट? इथे मात्र आकार मोजतात. हा प्रकार फ्रान्समधून पसरला. कारफूर कंपनीने १९६३ मध्ये पॅरिसजवळ २,५०० चौरस मीटरचं दुकान काढलं, त्यात भाजी होती तसे कपडे आणि भांडीही होती. फ्रान्सच्या सरकारी वर्गवारीत ४०० ते २,५०० चौरस मीटर म्हणजे सुपरमार्केट आणि त्याच्या वर हायपरमार्केट. आपल्याकडे अशी सर्वमान्य मोजपट्टी नाही. म्हणून दोन गाळ्यांच्या दुकानावर 'हायपर मार्ट' लिहायला कोणाची आडकाठी होत नाही. 'मार्ट' तर नुसता 'बाजार'. डच भाषेतून आलेला जुना शब्द, त्यात आकाराचं किंवा पद्धतीचं कसलंच बंधन नाही.

डिपार्टमेंट आणि डिपार्टमेंटल

एका 'ल'ने इथे मोठी दिशाभूल होते. युरोप-अमेरिकेत डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे कपडे, बूट, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, भांडी असे वेगवेगळे विभाग असलेलं मोठं दुकान. प्रत्येक विभागाची खरेदी, हिशेब आणि माणसं वेगळी. पॅरिसच्या 'बॉन मार्शे'मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आरिस्टिड बुसिको यांनी हा साचा घडवला. किंमत चिठ्ठीवर छापलेली, घासाघीस बंद, न घेता नुसतं बघायची मुभा, माल परत करायची सोय. आज आपण जे गृहीत धरतो, ते तेव्हा नवल होतं. मुंबईत १९९१ साली अंधेरीला निघालेलं 'शॉपर्स स्टॉप' या जातीचं.

आपल्याकडचं 'डिपार्टमेंटल स्टोअर' म्हणजे बहुतेक वेळा आत फिरता येईल असं बऱ्यापैकी मोठं किराणा दुकान. परदेशात शिकायला गेलेल्या मुलीने 'तूरडाळीसाठी डिपार्टमेंट स्टोअर कुठे आहे' असं विचारलं, तर समोरचा तिला अत्तराच्या आणि कोटांच्या दुकानात पाठवील. तिने लंडनमध्ये सुपरमार्केट विचारावं आणि न्यू जर्सीत ग्रोसरी स्टोअर. तसंच लंडनमध्ये 'ऑफ-लायसन्स' अशी पाटी दिसली तर परवाना रद्द झालाय असं समजू नये. ते दारूचं दुकान आहे. विकत घ्या पण इथे बसून पिऊ नका, असा त्या परवान्याचा अर्थ.

कन्व्हिनियन्स स्टोअर महाग का?

१९२७ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात बर्फ विकणाऱ्या एका कंपनीच्या धक्क्यावर दूध, पाव आणि अंडी विकायला सुरुवात झाली. इतर दुकानं बंद झाली तरी बर्फाचा धक्का उघडा असायचा. लोकांना सोय झाली. १९४६ मध्ये सकाळी ७ ते रात्री ११ या वेळेवरून दुकानांचं नाव 'सेव्हन इलेव्हन' पडलं. २०२१ मध्ये ते अंधेरीतही आलं. म्हणजे इथे विकायचा खरा माल आहे वेळ आणि जवळीक. किंमत थोडी जास्त पडते ती त्याचीच.

इंग्लंडात तर कायद्यानेच ही जात वाढवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांच्या दरम्यान सलग सहा तासच उघडी ठेवता येतात. त्याहून लहान दुकानांना हे बंधन नाही. मग बड्या कंपन्यांनी त्या मापाच्या आत बसणारी छोटी दुकानं गल्लोगल्ली काढली. कंपनी तीच, रंग तोच, पण पाटीवर 'एक्सप्रेस' किंवा 'लोकल' असा एक जादा शब्द आणि त्याच दुधाला पुष्कळदा जास्त पैसे. तिथे आपल्यासारखी छापील कमाल किंमत नसते. नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांनी हा जादा शब्द वाचायला शिकावं, महिन्याच्या हिशेबात फरक पडतो.

मॉलमध्ये घेतलं, मग तक्रार मॉलकडे का नाही?

कारण मॉल बहुधा काही विकतच नाही. जत्रेच्या मैदानाचा ठेका एकाकडे असतो आणि पाल टाकणारे वेगळे असतात. खेळणं मोडलं तर आपण ठेकेदाराला धरत नाही, पालवाल्याला धरतो. मॉलचा मालक गाळे भाड्याने देतो, दिवे, जिने, पार्किंग आणि पहारा सांभाळतो. बूट उसवला तर बिलावर ज्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे तो विक्रेता. सरकत्या जिन्यावर कोणाचा पाय अडकला, तर मात्र मॉलला जाब विचारायचा.

हा शब्दही दुकानाचा नव्हे. लंडनमध्ये सतराव्या शतकात लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायचा 'पॉल-मॉल' नावाचा खेळ चाले. तो जिथे चाले त्या झाडांच्या रस्त्याला 'मॉल' नाव पडलं, पुढे लोक तिथे फेरफटका मारू लागले. सिमल्याचा आणि मसुरीचा मॉल रोड त्या अर्थाचा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एडायना गावी व्हिक्टर ग्रुएन यांनी बंदिस्त, छत घातलेलं साउथडेल सेंटर बांधलं, कारण तिथे हिवाळा जीवघेणा. फेरफटक्याची जागा छपराखाली आली आणि दोन्ही बाजूंना दुकानं. मुंबईत १९९९ साली हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' उघडलं, तेव्हा ते पाहायलाच गर्दी लोटली होती.

आउटलेटमधलं स्वस्त म्हणजे तोच माल स्वस्तात?

नेहमीच नाही, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. 'फॅक्टरी आउटलेट'चा मूळ अर्थ कारखान्यातला उरलेला, किंचित सदोष किंवा मागच्या हंगामाचा माल थेट विकण्याची जागा. पण अमेरिकेत अनेक ब्रँड आउटलेटसाठी म्हणून वेगळा, कमी प्रतीचा माल मुद्दाम बनवतात, आणि तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने खरेदीदारांना तसं सावधही केलंय. त्यामुळे लेबलवरची खोडलेली मोठी किंमत कधी कोणी दिलीच नव्हती, असंही असू शकतं. शिवण बघा, अस्तर बघा, बटणं ओढून बघा. दुसरीकडे, कंपन्यांच्या भाषेत 'आउटलेट' म्हणजे नुसतं विक्रीचं ठिकाण. 'आमची राज्यात दोनशे आउटलेट्स आहेत' यात स्वस्ताईचं वचन नाही.

शोरूमबद्दल एवढंच: ती माल दाखवण्याची जागा. गाडीची 'एक्स-शोरूम' किंमत म्हणजे त्या दाराशी संपणारी किंमत. रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा पुढे.

डार्क स्टोअर हे दुकान आहे की गोदाम?

सगळ्यात ताजा आणि सगळ्यात अडचणीचा शब्द. काही मिनिटांत घरी सामान आणणारी ॲप्स ज्या जागेतून माल पाठवतात, तिला डार्क स्टोअर म्हणतात. तिथे उजेड असतो. गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो म्हणून 'डार्क'. आत फळ्या आहेत, माल आहे, पण फळ्यांमधून फिरतो तो पिशवी भरणारा कामगार.

मग ती जागा कोणत्या नियमांत बसवायची? पॅरिसमध्ये हा प्रश्न सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला. शहराचं म्हणणं, ही गोदामं आहेत, निवासी भागात दुकानाच्या गाळ्यात चालणार नाहीत. कंपन्यांचं म्हणणं, आम्ही दुकानासारखेच. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला: ही गोदामं आहेत. कारण सरळ होतं. जिथे माल साठवून दुसरीकडे पोहोचवला जातो, तिथे लोकांना थेट विक्री होत नाही.

आपल्याकडे गुंता अजून वाढतो. परदेशी भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला साधारणपणे स्वतःच्या मालकीचा माल ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त विक्रेता आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून द्यायची. याला 'मार्केटप्लेस' म्हणतात. म्हणून ॲपचं नाव एक आणि बिलावरचा विक्रेता भलताच, असं दिसतं. स्वतःचा साठा ठेवता यावा म्हणून एका मोठ्या कंपनीने २०२५ मध्ये आपल्यातला परदेशी वाटा निम्म्याखाली मर्यादित केला. पाटीवरच्या शब्दामागे केवढा पैसा असतो, ते यावरून कळावं.

घरबसल्या मिळतंय, मग मला काय फरक पडतो?

जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशाच एका जागेचा अन्न परवाना अस्वच्छतेमुळे निलंबित केला. वाण्याकडे उघड्या पोत्यावर उंदीर दिसला तर आपण दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. डार्क स्टोअरमध्ये आपला डोळाच पोहोचत नाही, म्हणून तपासणी अधिकाऱ्याचा डोळा तिथे दुप्पट लागतो. माझ्या मते अशा जागांच्या बाहेर पत्ता, परवाना क्रमांक आणि चालवणाऱ्याचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत लावणं बंधनकारक हवं. गिऱ्हाईक आत येत नाही म्हणून पाटी नको, हे चालू नये.

तोवर आपल्या हातात बिल आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क दाखवायलाच हवा. ॲपमधल्या बिलावर तो खाली, बारीक अक्षरांत असतो. तो वाचा आणि बिल उतरवून ठेवा. पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम त्या वस्तूपुढे लागली असेल, तर दुकान गल्लीतलं असो, मॉलमधलं असो की डार्क, ते बेकायदेशीरच. पोहोचवण्याचं आणि हाताळणीचं शुल्क वेगळ्या ओळीत दाखवलेलं असतं, दोन्ही ओळी निरखून बघा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना तोच विक्रेत्याचा पत्ता आणि बिल समोर ठेवा; ॲपचं नुसतं नाव सांगून तक्रार पुढे सरकायला वेळ लागतो.